उघड्यावरचा सिनेमा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात पहिल्या दिवशी संध्याकाळी केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीट करून दिलं आहे, पण बोलण्याची पद्धत तशीच ठेवली आहे.)



आपल्या सेक्रेटरींनी मला सांगितलं, "काका, वीस मिनिटं बोला. विषय कुठलाही घ्या, फक्त व्याजदर नकोत." छत्तीस वर्षं बँकेत नोकरी केलेल्या माणसाला ही अट जरा कठीणच आहे. तरी मी ती पाळणार आहे. आज मी सिनेमाबद्दल बोलणार आहे. पडद्यावर काय दाखवलं याच्यापेक्षा तो कुठे बसून पाहिला, याबद्दल. थोडक्यात, उघड्यावरचा सिनेमा आणि त्यातही ड्राइव्ह-इन थिएटर. हाच विषय का घेतला ते शेवटी सांगतो. आधी जमा, मग खर्च, मग शिल्लक, ही आमची जुनी सवय.

तर सुरुवात गावापासून करू. माझं लहानपण सातारा जिल्ह्यात गेलं. आमच्या भागात पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा मोठी. थंडीचे दिवस, बैलांचा बाजार, कुस्त्या, पाळणे, आणि सगळ्यांत मोठं आकर्षण म्हणजे तंबूतला सिनेमा. टुरिंग टॉकीज. मालमोटारीतून तंबू यायचा, प्रोजेक्टर यायचा, पत्र्याच्या पेटीतून रिळं यायची. कनात लावली की झालं थिएटर. खाली माती, वर कापड. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. तिकीट काढून आत गेलं की आधी चांगली जागा धरायची, म्हणजे ज्याच्या पुढ्यात तंबूचा खांब नाही ती जागा. आणि पुढे फेटेवाला बसला तर त्याला हात जोडून फेटा काढायला लावायचा. तो काढायचाही. कारण त्याच्याही पुढे दुसरा फेटा असायचा.

मुंबईला आल्यावर गणपतीतला रस्त्यावरचा सिनेमा पाहिला. तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांनी तो पाहिलेला आहे. दोन बिल्डिंगच्या मधे पांढरा पडदा बांधायचा, मंडळाने सोळा मिलिमीटरचं मशीन भाड्यानं आणायचं, आणि रात्री जेवणं झाली की सुरू. पुढे जागा मिळाली नाही तर पडद्याच्या मागे बसायचं. पडदा पातळ, चित्र तिकडूनही दिसायचं, फक्त उलटं. मी कितीतरी हीरो असे डावखुरे पाहिले आहेत. नावांच्या पाट्या उलट्या, दुकानांचे बोर्ड उलटे. एक रीळ संपलं की दिवे लागायचे, दुसरं चढेपर्यंत कुणाचं बाळ कुठे झोपलंय ते आया बघून घ्यायच्या. तिकीट नाही, नंबर नाही, डोअरकीपर नाही.

आता ड्राइव्ह-इन. ही कल्पना अमेरिकेतली. न्यू जर्सी राज्यात कॅम्डेन गावाजवळ रिचर्ड हॉलिंग्सहेड नावाच्या माणसानं ६ जून १९३३ रोजी पहिलं ड्राइव्ह-इन थिएटर सुरू केलं. त्याच्या आधी त्यानं घरासमोरच्या जागेत प्रयोग केले होते. गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, झाडांना पडदा बांधला, आणि पाऊस आला तर काय दिसेल ते पाहायला बागेचं पाणी गाडीवर सोडलं. पण त्याची खरी हुशारी वेगळ्याच ठिकाणी होती. गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर पुढच्या गाडीचं टप आड येणार. हा आमचा तंबूतल्या फेट्याचाच प्रश्न. त्यानं काय केलं, प्रत्येक रांगेत जमिनीला उतार दिला. पुढची चाकं उंचावर, मागची खाली. गाडी थोडी आभाळाकडे तोंड करून उभी राहिली की आतल्या माणसाची नजर पुढच्या गाडीच्या टपावरून थेट पडद्यावर. या युक्तीचं त्याला पेटंट मिळालं होतं. सुरुवातीला तिकीट होतं गाडीला पंचवीस सेंट आणि माणशी पंचवीस सेंट. आवाज पडद्याजवळच्या मोठ्या कर्ण्यांतून यायचा, म्हणजे मागच्या गाडीला उशिरा आणि आजूबाजूच्या वस्तीला फुकट. गाडीच्या काचेला अडकवायचे छोटे स्पीकर नंतरच्या दशकात आले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत अशी चार हजारांहून जास्त थिएटरं होती.

आपल्याकडे अहमदाबादला थलतेजजवळ १९७३ साली सनसेट ड्राइव्ह-इन सुरू झालं. साडेसहाशेहून जास्त गाड्या मावतील एवढं. त्याच्यावरून तिथल्या रस्त्यालाच ड्राइव्ह-इन रोड नाव पडलं. बदलीमुळे मी तिथे तीन वर्षं होतो, तेव्हा तो प्रकार डोळ्यांनी बघितलाय. गुजराती कुटुंब सिनेमाला जातंय की गाव सोडून चाललंय, कळायचं नाही. गाद्या, लोड, उशा, थेपल्यांचे डबे, छुंदा, ताकाची बरणी, आणि सगळ्यांत शेवटी आजी. गाडी उभी केली की गाडीत कुणी बसायचंच नाही. गादी गाडीच्या पुढे अंथरायची, पोरं टपावर, आणि आजीला गादीवर मध्यभागी. गाडी फक्त सामान आणायला.

आणि मुंबईत १९७७ साली वांद्रे पूर्वेला, कलानगरच्या पलीकडे, आपलं ड्राइव्ह-इन आलं. आज तिथे काचेचे टॉवर आहेत आणि त्याला बीकेसी म्हणतात. तेव्हा ती सगळी मिठी नदीच्या काठची खाजण जमीन. चिखल, गवत, बगळे, आणि ओहोटीला एक खास वास. एमएमआरडीएला त्या भागाच्या विकासाचं काम मिळालं तेही १९७७ सालीच. म्हणजे एका बाजूला सरकार नकाशे काढत होतं आणि दुसऱ्या बाजूला आम्ही काचा खाली करून सिनेमा बघत होतो.

आम्ही तेव्हा कुर्ल्याला नेहरूनगरमध्ये राहत होतो. माझ्याकडे गाडी कुठली! आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याकडे जुनी फियाट होती. तिला पुढे सलग बाक असायचा, गिअर स्टिअरिंगला, त्यामुळे पुढे तिघं आणि मागे चार अधिक मांडीवर दोन, असे नऊ जण आम्ही गेलो होतो. सायनवरून, धारावीच्या कडेनं. सूर्य मावळल्याशिवाय शो सुरू होणार नाही हे माहीत असूनही आम्ही लवकर पोचलो. कारण पोचून करायचं काय, तर खायचं. पोळी, बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी, आणि थर्मासमध्ये चहा. शेजारच्या गाडीत कोण आहे हे पहिल्या पाच मिनिटांत कळायचं, कारण डबा उघडला की वास जायचा आणि वासामागून वाटी जायची. आम्ही त्या दिवशी अनोळखी लोकांची सुरमई खाल्ली आणि त्यांनी आमची चटणी नेली.

डास मात्र विचारू नका. खाडीचे डास, त्यांना तिकीट नाही. प्रत्येक गाडीत ओडोमॉसचा वास. काचा वर केल्या तर उकाडा, खाली केल्या तर डास. एसी गाडी म्हणजे काय ते आम्ही ऐकूनही नव्हतो. स्पीकर खरखरायचा. मधेच एखादा हेडलाइट लावायचा की चारशे लोक एकदम ओरडायचे. सिनेमा नीट बघायचा असेल तर ती जागा नव्हती, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. शोले मी तिथे तिसऱ्यांदा पाहिला. पहिल्या दोन वेळा थिएटरमध्ये पाहिला होता म्हणून बरं, नाहीतर अर्धे संवाद कळलेच नसते.

मग असं असताना मी ते थिएटर आज का आठवतोय? त्याचं कारण माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो.

अण्णा रेल्वेत होते. गुड्स क्लार्क. सिनेमाचे विलक्षण शौकीन. १९३६ साली प्रभातचा 'संत तुकाराम' आला तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. मुंबईत सेंट्रल सिनेमात तो वर्षाहून जास्त चालला, आणि त्यात अण्णांचा वाटा किती होता हे आजीलाच ठाऊक, कारण पैसे तिच्या डब्यातून गेले होते. पुढे नोकरी, संसार, पाच भावंडांची शिक्षणं, पण महिन्याला एक सिनेमा ठरलेला.

१९८३ साली अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, पाय आला नाही. सहा महिन्यांनी जरा बरं वाटलं म्हणून आम्ही त्यांना एका थिएटरात घेऊन गेलो. पायऱ्या, अंधार, अरुंद रांग. मधे पोचल्यावर त्यांचा पाय एका खुर्चीच्या खाली अडकला. आम्ही दोघं भाऊ वाकून पाय सोडवतोय, आणि मागून लोक ओरडताहेत, "बसा, बसा!" त्यांचाही दोष नाही, अंधारात त्यांना काय दिसणार? अण्णा तीन तास बसले, एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "आता पुरे झाला सिनेमा." त्यानंतर दोन वर्षं ते नेहरूनगरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत होते. टीव्ही होता, पण टीव्हीला ते सिनेमा मानत नसत.

१९८५ साली मी बँकेच्या कर्जावर जुनी फियाट घेतली. घेतल्यावर पहिल्याच रविवारी माझी बायको म्हणाली, "अण्णांना त्या उघड्या थिएटरात नेऊया. तिथे उतरायलाच लागत नाही." मला हे सुचलं नव्हतं. शेजारचे दोन मुलगे बोलावले, अण्णांना लाकडी खुर्चीत बसवलं, चौघांनी खुर्ची दोन मजले खाली आणली, आणि अण्णा फियाटच्या पुढच्या बाकावर. पाय सरळ पसरून, पाठीला उशी. एकदा बसले ते परत घरी येईपर्यंत उतरले नाहीत.

आणि काय सांगू, अण्णा बोलायला लागले. थिएटरात ते कधी बोलत नसत, कुणाला बोलू देत नसत. इथे कुणाला त्रास व्हायचा नाही ना! जीभ जड होती, शब्द सुटा सुटा यायचा, पण आवाज मोठा. "हा कोण?" "हा त्याचा भाऊ का?" "हा खोटं बोलतोय बघ." शेजारच्या गाडीतले लोक हसायचे, आणि मध्यंतरात त्यांच्याशीही अण्णांचं बोलणं व्हायचं. प्रभातच्या सिनेमांच्या गोष्टी, आजीच्या डब्याची गोष्ट, हे सगळं मी त्या गाडीत बसून पहिल्यांदा ऐकलं. पस्तीस वर्षं त्यांच्या घरात राहून ऐकलं नव्हतं.

मी बँकेचा माणूस, नोंद ठेवतो. माझ्या वहीत लिहिलंय, ऑक्टोबर १९८५ ते फेब्रुवारी १९८८, एकूण अकरा सिनेमे. पावसाळ्यात नेलं नाही, वायपर लावून सिनेमा बघता येत नाही. १९८८ च्या जून महिन्यात अण्णा गेले. त्यांच्या शेवटच्या अडीच वर्षांत घर आणि दवाखाना सोडून तिसरी जागा त्यांनी पाहिली असेल तर ती एकच.

पुढे २००० सालानंतर ते ड्राइव्ह-इन बंद झालं. लोक हळहळले. पण मला, बँकवाला म्हणून, आश्चर्य वाटलं ते इतकी वर्षं चाललं याचं. हिशेब बघा. फियाट सुमारे तेरा फूट लांब, पाच फूट रुंद. तिला वळायला जागा हवी, मधे रस्ता हवा, उतार हवा. एवढ्या जागेत बंद थिएटरात कितीतरी जास्त खुर्च्या बसतात. बंद थिएटरात दिवसाला चार खेळ, इथे अंधार पडल्यावरच. पावसाळ्यात धंदा पातळ. आणि आजूबाजूला जमीन सोन्याच्या भावानं जाऊ लागलेली. शिवाय आधी व्हिडिओ कॅसेट आली, मग केबल, मग मल्टिप्लेक्स. अमेरिकेतही बहुतेक हेच झालं. शहरं वाढली, जमिनीची किंमत वाढली, मोकळं पटांगण कुणाला परवडेना. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, जगभर लोकांना ड्राइव्ह-इनची पुन्हा आठवण झाली, आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये बीकेसीत एका मॉलच्या गच्चीवर नवीन ड्राइव्ह-इन सुरू झालं. चांगली गोष्ट आहे. पण आता काचा वर आणि एसी चालू. शेजारच्या गाडीतली सुरमई आता कळणार कशी?

आता शिल्लक. विषय का घेतला ते सांगतो.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण या इमारतींत राहायला आलो तेव्हा तीन विंगमध्ये ६० फ्लॅट आणि ११ गाड्या होत्या. मी तेव्हा खजिनदार होतो, स्टिकर मीच वाटले. आज ९४ गाड्या आहेत, स्कूटर वेगळ्या. पुढच्या महिन्याच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर सातवा विषय आहे, मागचं पटांगण काँक्रीट करून तिथे १४ गाड्यांची सोय करणे. गाड्यांची अडचण खरी आहे. माझ्या मुलाची दुसरी गाडी बाहेर रस्त्यावर उभी असते, दोनदा तिचा आरसा गेलाय. म्हणजे ठराव झाला तर फायदा आमच्याही घराचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. कार्यकारिणीनं हा विषय आणला यात त्यांचं काही चुकलं असंही मी म्हणत नाही.

पण मी गेल्या महिन्यात आणखी एक मोजणी केली. आपल्याकडे ऐंशीच्या पुढचे १७ जण आहेत. मी त्या सगळ्यांना घरी जाऊन भेटलो. त्यांतले सहा जण गेल्या दोन वर्षांत डॉक्टरकडे जाण्याखेरीज गेटच्या बाहेर पडलेले नाहीत. त्यांतल्या चौघांनी सांगितलं की लिफ्टनं खाली यायला काही वाटत नाही, पण खाली येऊन बसायचं कुठे? आज, या क्षणी, त्यांतले तिघं इथे मागच्या रांगेत व्हीलचेअरवर बसलेत. ते इथे आहेत, कारण आजचा कार्यक्रम हॉल भाड्यानं घेऊन केला नाही, या पटांगणात केला.

म्हणून माझी एक मागणी आहे. सातव्या विषयावर मत द्यायच्या आधी एक संध्याकाळ मला द्या. पाण्याच्या टाकीची मागची भिंत पांढरी आहेच. प्रोजेक्टर भाड्यानं मिळतो. डिसेंबरमध्ये सहा वाजता सूर्य मावळतो, पावणेसातला सिनेमा सुरू केला तर दहाच्या आत संपतो, म्हणजे लाउडस्पीकरचा नियमही मोडत नाही. सोसायटीत दाखवायचा म्हटलं तरी सिनेमाच्या हक्कदाराची परवानगी लागते, तो पत्रव्यवहार मी करतो. निवृत्त माणसाला काम हवंच असतं. बी विंगच्या मागच्या दाराला दोन पायऱ्या आहेत, तिथे लाकडी फळीचा उतार करून घेऊ, त्याचा खर्च माझा. प्रत्येकानं आपापली सतरंजी आणि आपापला डबा आणायचा. गाड्या त्या दिवशी चार तास बाहेर.

त्या संध्याकाळी कोण खाली आलं, कोण कुणाशेजारी बसलं, ते बघा. पोरं झोपली की आजीशी कोण बोलत बसलं तेही बघा. मग सभेला या आणि ठरवा, ती जागा चौदा गाड्यांना द्यायची की नाही. द्यायची ठरली तर ठरावावर पहिली सही मी करीन, आणि पुढच्या वेळी गच्चीचा विचार करू. एकदा काँक्रीट केलेलं पटांगण पुन्हा मातीचं होत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा. वांद्र्याच्या त्या जागेचं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. तिथे निदान करोडो रुपये आले. इथे चौदा गाड्या येणार आहेत, आणि त्यानंतरच्या पंधराव्या गाडीसाठी आपण पुन्हा भांडणारच आहोत.

सिनेमा कुठला दाखवायचा हे मात्र त्या सतरा जणांनी ठरवावं. मी विचारलं तर सतरा नावं आली, त्यामुळे तिथेही मतदान घ्यावं लागेल, असं दिसतंय.

वीस मिनिटं झाली, सेक्रेटरी घड्याळ दाखवताहेत. सोसायटीच्या पंचविशीला मनःपूर्वक शुभेच्छा. बटाटेवडे तयार आहेत असं कळलंय, तेव्हा तुमचा आणखी वेळ घेत नाही.